आमचा गेम तुमच्या कॉम्प्युटरला कमांड कधी देतो?

आमचे टचस्क्रीन गेम संग्रहालयात, शाळेत, शोरूममध्ये दिवसभर चालू असतात. संध्याकाळी दाराला कुलूप लावताना कोपऱ्यातलं ‘आज बंद’ बटण दाबलं की गेम बंद होतो आणि बऱ्याच गेममध्ये पाठोपाठ कॉम्प्युटरही. हे दुसरं काम गेमचं नाही, विंडोजचं. गेम विंडोजला फक्त कमांड देतो. त्यावरून ग्राहक हमखास विचारतात: बंद हो म्हणू शकतो, मग फाईल पुसून टाक असंही म्हणू शकतो का?

इंजिनापुरतं, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतो आणि चालतो त्याच्यापुरतं, बोलायचं तर हो, म्हणू शकतो. आम्ही गोडो हे इंजिन वापरतो. त्यात ‘ओएस डॉट एक्झिक्यूट’ असं फंक्शन आहे. प्रोग्रॅमचं नाव दिलं की तो चालू होतो, मध्ये कोणी अडवत नाही. मोबाइलवर ॲप जसं ‘कॅमेरा वापरू का?’ असं विचारतं, तसं विंडोजवरच्या गेमचं नसतं. ज्या खात्यातून गेम उघडला, त्या खात्याला जे जे करता येतं ते सगळं गेमला करता येतं. युनिटी किंवा अनरियल या दुसऱ्या इंजिनांवर केलेल्या डेस्कटॉप गेमचीही हीच गत. ब्राउझरमध्ये चालणारा गेम तेवढा वेगळा, कारण ब्राउझर त्याला बाहेर हात घालू देत नाही.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘गॉडलोडर’ उघडकीस आणला. गोडोच्याच जीडीस्क्रिप्ट भाषेत लिहिलेला हा घातक प्रोग्रॅम 17,000 हून जास्त कॉम्प्युटरांत शिरला होता. इंजिनात भोक सापडलं म्हणून नव्हे; अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली फाईल लोकांनी आपल्या हाताने चालवली म्हणून.

इंजिनाकडे पातळ्या नाहीत, म्हणून त्या आम्ही आखल्या. तुमच्या गेमची पातळी बिलावर छापलेली असते.

पातळी 0 : गेम एकही कमांड देत नाही. शाळांचे प्रश्नमंजुषेचे गेम याच पातळीवर आहेत.

पातळी 1 : दोनच कमांड, कॉम्प्युटर बंद करणे आणि प्रमाणपत्र छापणे. दोन्हींना विंडोजचं साधं, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खातं पुरतं.

पातळी 2 : नवी आवृत्ती बसवणे. याला ॲडमिनची, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळे अधिकार असलेल्या खात्याची, परवानगी लागते. आमचा माणूस समोर बसलेला असतानाच हे होतं, आणि काम झालं की गेम परत पातळी 1 वर येतो.

प्रमाणपत्राची कमांड साधी दिसते, पण आम्ही तिथेच ठेचकाळलो होतो. मूल स्क्रीनवर नाव टाइप करतं आणि ते छापून येतं. पहिल्या आवृत्तीत हे नाव आम्ही कमांडच्या ओळीतच जोडून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टकडे, म्हणजे लिहिलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पाठवत होतो. टेस्टिंगला बसलेल्या आमच्याच एका पोराने नावाच्या चौकटीत ‘बंड्या’, पुढे & ही खूण आणि त्यापुढे इंग्रजीत नोटपॅड असं लिहिलं. बंड्याचं प्रमाणपत्र छापलं गेलं आणि शेजारी नोटपॅडही उघडलं! कमांड प्रॉम्प्टच्या लेखी & म्हणजे ‘इथून दुसरी कमांड सुरू’. नोटपॅडच्या जागी दुसरं काही लिहिलं असतं तर तेही चाललं असतं. आता नाव एका फाईलमध्ये लिहिलं जातं, कमांडमध्ये त्या फाईलचं आम्ही ठरवलेलं नाव जातं, आणि कमांड प्रॉम्प्ट मध्ये येतच नाही. नावात काहीही टाइप करा, ते कागदावरच उमटेल.

तुमच्याकडून एकच गोष्ट हवी: गेमसाठी वेगळं स्टँडर्ड खातं. काही अडलं की राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करायची सवय बऱ्याच ऑपरेटरांना असते. तसं केलंत की गेम तर ॲडमिन होतोच, पण गेमने उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅमही ॲडमिन होतो. मग आमच्या पातळ्यांना फारसा अर्थ उरत नाही. रोजच्या वापरात स्क्रीन अंधुक होऊन विंडोजने परवानगी मागितली, तर ‘नो’ दाबा आणि आम्हाला फोन करा. पातळी 0 किंवा 1 च्या गेमला ती कधीच लागत नाही.

दुसऱ्या शाळेने दिलेली खेळाडूंच्या गुणांची फाईल मात्र बिनधास्त वापरा. गोडोच्या स्वतःच्या रिसोर्स फाईलमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालू शकणारा प्रोग्रॅम, दडवता येते, म्हणून गुण आम्ही साध्या जेसन फाईलमध्ये ठेवतो; तिच्यात फक्त मजकूर आणि आकडे असतात.

गेमने दिलेली प्रत्येक कमांड तारीख-वेळेसह नोंदली जाते. कोपऱ्यातलं चाकाचं चिन्ह पाच सेकंद दाबून धरा, ‘नोंदी’ उघडतील. संध्याकाळची एक ‘बंद’ आणि जितकी प्रमाणपत्रं तितक्या ‘छपाई’, याखेरीज काही दिसलं तर त्या पानाचा फोटो काढून पाठवा. ॲडमिनचा पासवर्ड मात्र पाठवू नका. तो आम्हाला लागलाच, तर आमचा माणूस आल्यावर तुम्हीच टाइप करा.