सवालीराम आणि उत्तरे न देणारे पुस्तक

मुलांना विज्ञान-इतिहास सोपा करून सांगणारे छापील लेखन मराठीत जुने आहे. १८४० साली मुंबईत निघालेल्या एका मासिकात असे विषय येत. १९२८ पासून पुण्याहून खास विज्ञानाचे मासिक निघू लागले. पण तिथे विषय लिहिणारा निवडत असे. शाळकरी मुलाने स्वतःचा प्रश्न टपालाने पाठवावा आणि त्याच्या नावाने उत्तर यावे, ही रीत रुजली ती मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात.

१९७२ मध्ये दोन स्वयंसेवी संस्थांनी तिथल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवायला घेतले. मुंबईतल्या संशोधन संस्थेतले वैज्ञानिक आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक शिक्षकांच्या प्रशिक्षणाला येत. १९७८ मध्ये सरकारने हा कार्यक्रम जिल्हाभर लागू केला. त्याच वर्षी तिथे आलेल्या एका तरुण अभियंत्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार बनवले. पुढे त्याची खेळणी पुण्यामार्गे देशभर गेली.

वाद झाला तो पाठ्यपुस्तकावरून. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरे नव्हती. मुलांनी गटात प्रयोग करायचा, निरीक्षणे लिहायची, वर्गात चर्चा करून निष्कर्ष काढायचा. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला गुण होते. पालकांना हे पटणे सोपे नव्हते. पाठ काय करायचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण याच पुस्तकात सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते आणि ते मुलांना म्हणत असे, मला पत्र लिहा. पत्रे हजारोंनी आली. धड्याशी काही संबंध नसलेले प्रश्नही त्यांत असत, आणि सवालीरामच्या नावाने उत्तरे जात.

पुस्तक उत्तर देत नाही आणि सवालीराम देतो, याला अनेकांनी विसंगती म्हटले. मला ती तशी वाटत नाही. मूग रुजायला उजेड लागतो का, हे दोन वाट्या घेऊन कोणत्याही वर्गात पाहता येते. ते सांगून टाकले तर मुलाचा शोध हिरावला जातो. १९८२ मध्ये नर्मदेच्या पलीकडच्या काठावर, हथनोरा गावाजवळ, प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. ती कवटी किती जुनी, हे मात्र शाळेतल्या कुठल्याही प्रयोगाने कळणार नाही. तिच्या वयाबद्दल तज्ज्ञांतही मतभेद आहेत. इथे मुलाला कुणीतरी सांगायलाच हवे, आणि ते कशावरून ठरवतात हेही सांगायला हवे.

२००२ मध्ये जिल्हा नियोजन समितीत कार्यक्रम बंद करण्याचा ठराव झाला आणि जुलैत राज्य सरकारने तो बंद केला. तोवर तो पंधराएक जिल्ह्यांत पोचला होता. जिल्ह्याचे दहावीचे निकाल घसरले, हे मुख्य कारण पुढे केले गेले. हा कार्यक्रम आठवीला संपत होता, तर दहावीचा निकाल गणित-इंग्रजीसकट सगळ्या विषयांचा असतो. एवढा साधा मुद्दाही निर्णय घेताना ध्यानात घेतला गेला नाही. देशभरातल्या वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी विरोध नोंदवला. तीस वर्षे चाललेले काम थांबले आणि शाळांत राज्याचे नेहमीचे पुस्तक आले.

महाराष्ट्रात हाच धागा वेगळ्या वाटेने आला. पुण्यातले एक खगोलशास्त्रज्ञ स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर आणि सही एकत्रच येत असे. सही गोळा करायला आलेल्या मुलाला आधी प्रश्न सुचावा लागे, हे मला त्यात फार मोलाचे वाटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातून एक शैक्षणिक द्वैमासिकही सुरू झाले, होशंगाबादच्या गटाच्या हिंदी द्वैमासिकावरून.

जिल्ह्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम आहे. त्या हिंदी द्वैमासिकात सवालीरामचे सदर कार्यक्रम बंद झाल्यावरही चालू राहिले. त्यात एका प्रश्नाचे उत्तर छापतात आणि पुढच्या प्रश्नाचे उत्तर वाचकांकडून मागवतात.