अनुच्चारित वर्ण (इंग्रजी)

इंग्रजी शब्दाच्या लेखनात येणारा, पण उच्चारात न येणारा वर्ण. त्याला मूक वर्ण असेही म्हणतात. ‘नाइफ’मधला (सुरी) आरंभीचा के, ‘लॅम’मधला (कोकरू) शेवटचा बी आणि ‘डेट’मधला (कर्ज) बी ही त्याची परिचित उदाहरणे. देवनागरीत इंग्रजी शब्द लिहिताना आपण सहसा उच्चार लिहितो, त्यामुळे हे वर्ण तिथे दिसतच नाहीत. पुढे गरजेपुरती अक्षरे सुटी करून दिली आहेत.

‘हा वर्ण आता का उच्चारत नाहीत?’ या नेहमीच्या प्रश्नात तो पूर्वी उच्चारला जात होता असे गृहीत धरलेले असते. काही वर्णांबाबत ते खरे आहे. मात्र बऱ्याच वर्णांचा इंग्रजीत कधीच उच्चार झालेला नाही. ते लिहिणाऱ्यांनी मागाहून बसवले. वरच्या तीन उदाहरणांपैकी पहिली दोन एका कुळातली, तर तिसरे दुसऱ्या कुळातले आहे.

लोपलेले ध्वनी : ‘नाइट’ (सरदार) हा शब्द के-एन-आय-जी-एच-टी असा लिहितात. प्राचीन इंग्रजीत त्याचा उच्चार साधारण ‘क्निख्त’ असा होता आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीसही तो फारसा बदललेला नसावा. त्याचा जर्मन भाऊबंद ‘क्नेख्त’ आजही दोन्ही व्यंजने राखून आहे. आरंभीचा ‘क्’ नेमका केव्हा गेला याबद्दल एकमत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या उच्चारवर्णनांत तो दिसतो. शतक संपेपर्यंत प्रमाण इंग्रजीतून तो गेलेला असावा. मधल्या काळात काहींनी त्या जागी ‘त्’सारखा, तर काहींनी ‘ह्’सारखा ध्वनी नोंदवला आहे. त्यामुळे ‘क्न’चा एकाच वाटेने ‘न’ झाला असे मानण्यापेक्षा निरनिराळ्या बोलींत वाटा निरनिराळ्या होत्या असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. स्कॉटलंडच्या काही बोलींत हा ‘क्’ बराच पुढपर्यंत टिकला.

जी-एच या जोडीचा मूळ ध्वनी ‘ख्’सारखा घर्षक (हवा घासत बाहेर पडून होणारा) होता. ‘नाइट’मध्ये (रात्र) तो विरला, तर ‘लाफ’ व ‘कफ’मध्ये त्याचा ‘फ’ झाला. ‘राइट’मधल्या (लिहिणे) आरंभीच्या डब्ल्यूचा आणि ‘लॅम’, ‘क्लाइम’ (चढणे) यांतल्या अंत्य बीचाही पूर्वी उच्चार होत असे.

उच्चार असे सरकत असताना लेखन मात्र स्थिरावत गेले. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, तो इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार बदलत होते त्या ऐन काळात; या बदलाला डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सनने १९०९ मध्ये ‘महास्वरसंक्रमण’ अशा अर्थाचे नाव दिले (स्थूलमानाने १४०० ते १७००). लेखन स्थिर करण्याचे श्रेय पूर्वी राजदरबाराच्या चान्सरी या लेखनिक-कचेरीला दिले जाई. अलीकडे ते बरेच कमी केले जाते.

बसवलेले वर्ण : ‘डेट’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तो बीशिवाय. मध्ययुगीन इंग्रजीत तो डी-ई-टी-टी-ई असा लिहिलेला आढळतो. मूळ लॅटिन शब्द ‘देबितुम’. त्यातला ब फ्रेंचमध्येच झिजून गेला होता. पुढे लॅटिन मूळ डोळ्यांना दिसावे म्हणून बी परत घातला गेला. ‘डाउट’मधला (शंका) बी, ‘रिसीट’मधला (पावती) पी, ‘इन्डाइट’मधला (आरोप ठेवणे) सी हे याच प्रकारचे.

हे कोणी केले याबद्दल दोन मते आहेत. जुन्या संदर्भग्रंथांत याचे श्रेय (किंवा दोष) प्रबोधनकाळातल्या इंग्लिश लॅटिनपंडितांना दिलेले असते. परंतु फ्रेंच लेखनिक ‘डेट’ व ‘डाउट’ यांच्या फ्रेंच रूपांत त्याआधीपासूनच बी लिहू लागले होते आणि इंग्रजीतली बीयुक्त रूपेही पंधराव्या शतकात सापडतात, म्हणजे पंडितांची सद्दी सुरू होण्याआधी. ही टूम फ्रेंच दप्तरांतून इंग्रजीत आली आणि पंडितांनी तिला फक्त प्रतिष्ठा दिली, हे दुसरे मत पुराव्याला अधिक धरून आहे. फ्रेंचांनी पुढे आपला बी काढून टाकला. इंग्रजीत तो राहिला. लेखनिकांना ओळींवर पैसे मिळत म्हणून त्यांनी शब्द फुगवले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. तेवढ्यावर सारा प्रकार उलगडत नाही, कारण अक्षरे वाटेल ती न घालता लॅटिन शब्दातलीच निवडून घातलेली दिसतात.

या खटाटोपाची तत्कालीन थट्टा शेक्सपिअरच्या ‘लव्ह्‌ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात (छापील प्रत १५९८) सापडते. त्यातला होलोफर्निस हा पंतोजी लोक ‘डाउट’ व ‘डेट’ हे शब्द बी गाळून बोलतात म्हणून चिडतो आणि डी-ई-बी-टी अशी अक्षरे म्हणून दाखवतो. बी उच्चारणे तेव्हाही हास्यास्पद वाटत होते, हे यावरून उघड होते.

पद्धत सरसकट पाळली गेली नाही. ‘रिसीट’ला पी मिळाला, त्याच घराण्यातल्या ‘डिसीट’ला (फसवणूक) मिळाला नाही. काही ठिकाणी तर व्युत्पत्तीच चुकली. ‘आयलंड’ (बेट) हा अस्सल इंग्रजी शब्द. त्याच्या प्राचीन ‘ईगलंड’ या रूपात स नव्हता. लॅटिन ‘इन्सुला’पासून आलेल्या ‘आइल’शी (बेट) नाते जोडून त्यात एस घातला गेला. चर्चमधल्या बाजूच्या दालनाला ‘आइल’ म्हणतात, तो शब्द लॅटिन ‘आला’पासूनचा (पंख), त्यालाही त्याच गोंधळात एस चिकटला. ‘टार्मिगन’ हे पक्ष्याचे नाव स्कॉटिश गेलिक भाषेतले, पण पंख या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी ते जोडून आरंभी पी बसवला गेला.

इतर शब्दांच्या देखादेखी शिरलेले वर्ण वेगळे. ‘वुड’ आणि ‘शुड’ या साहाय्यक क्रियापदांत एल मुळातला आहे. ‘कुड’मध्ये तो त्यांच्यामुळे आला. ‘थम’ (अंगठा) व ‘लिम’ (अवयव) यांच्या प्राचीन रूपांत ब नाही. ‘लॅम’सारख्या शब्दांच्या नमुन्यावर तो जोडला गेला. एकाच जागी बसलेले हे दोन बी डोळ्यांना सारखे दिसतात, पण एक खरा वारस आणि दुसरा दत्तक आहे. ‘घोस्ट’मधला (भूत) एच कॅक्स्टनच्या छापखान्यात फ्लेमिश लेखनाच्या वळणाने आला असावा. कॅक्स्टनने बरीच वर्षे ब्रूजमध्ये काढली होती, त्यामुळे हा तर्क पटण्याजोगा आहे.

लेखनावरून उच्चार : बसवलेला वर्ण कधीकधी बोलूही लागतो. ‘फॉल्ट’मधला (दोष) एल, ‘परफेक्ट’मधला सी आणि ‘अॅडव्हेंचर’मधला डी हे असेच मागाहून घातलेले, आज ते न उच्चारणे चूक ठरते. ‘ऑफन’मधला (वारंवार) लोपलेला टी अनेकांच्या बोलण्यात परत आला आहे. ‘ऑफ्टन’ म्हणणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. बहुतेक आधुनिक कोश दोन्ही उच्चार देतात. औषधी वनस्पती या अर्थाचा ‘हर्ब’ ब्रिटनमध्ये एचसह, तर अमेरिकेत ‘अर्ब’ असा उच्चारतात. यात जुना उच्चार अमेरिकेचा आहे.

‘कर्नल’चे प्रकरण जरा निराळे. इटालियन ‘कोलोन्नेल्लो’पासून फ्रेंचमध्ये ल-युक्त आणि र-युक्त अशी दोन रूपे झाली. इंग्रजीत दोन्ही नांदली. शेवटी लेखन एकाचे आणि उच्चार दुसऱ्याचा राहिला. मराठीने हा शब्द कानाने घेतला, म्हणून आपण ‘कर्नल’च लिहितो. ‘बॉम्ब’ मात्र डोळ्यांनी घेतला, म्हणून इंग्रजीत मुका असलेला शेवटचा बी आपण ठणकावून उच्चारतो.

उपयोग : शब्दान्तीचा ई मुका असला तरी निरुपयोगी नाही, ‘रॅट’चा (उंदीर) ‘रेट’ (दर) तोच करतो. इंग्रजी लेखनाचा अभ्यासक एडवर्ड कार्नी (१९९४) याने अशा साहाय्यक वर्णांपासून नुसते जागा अडवणारे वर्ण वेगळे काढले आणि त्यांचेही दोन भाग केले : संबंधित शब्दात जागा होणारे आणि कुठेच न जागणारे. ‘साइन’मधला जी ‘सिग्नल’मध्ये, ‘ऑटम’मधला (शरद) एन ‘ऑटम्नल’मध्ये ऐकू येतो. ‘आयलंड’मधला एस कुठेच ऐकू येत नाही. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांनी १९६८ मध्ये पहिल्या प्रकारावर भर देऊन इंग्रजी लेखनपद्धती जवळजवळ आदर्श असल्याचे म्हटले. हे मत भाषाभ्यासकांत गाजले, पण वाचन शिकणाऱ्या मुलांच्या अडचणी त्याने सुटत नाहीत.

सुधारणा : अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरने ‘कलर’मधला यू गाळला, ते लेखन अमेरिकेत रूढ झाले. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांचे सुलभ लेखन सरकारी छपाईत वापरण्याचा आदेश दिला. काँग्रेसच्या (अमेरिकन संसदेच्या) विरोधामुळे तो त्याच वर्षी बारगळला. ‘डेट’मधला बी अमेरिकन लेखनातही अद्याप जागेवर आहे.