फ्लॅट स्कीमच्या छतावरचं सोलर आणि गरम पाणी: अर्ज नेमका कुठे अडतो

डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की नागपुरातल्या फ्लॅट स्कीममध्ये दोन गोष्टी हमखास होतात. सकाळी सहा ते आठ या वेळात सगळे गीझर एकदम सुरू होतात, आणि महिन्याचं बिल आलं की ग्रुपवर कोणीतरी लिहितं, "आपण सोलर काऊन नाही लावत?" मग कोटेशनं येतात, मीटिंग होते, चहा होतो, अर्ज जातो. आणि पुष्कळदा परत येतो. आमच्या स्कीमचा अर्ज दोनदा परत आला. त्यानंतर ओळखीपाळखीतल्या लोकांचे परत आलेले कागद मी पाहत आलो आहे. पॅनेलमुळे अडलेला अर्ज क्वचितच दिसतो. अडतो तो इमारत नेमकी कोणाची आणि बिल कोणाच्या नावावर, या प्रश्नावर.

आधी एक गैरसमज. छतावर पाणी तापवणाऱ्या सोलर वॉटर हीटरला केंद्राची सबसिडी मिळते असं अजून अनेकांना वाटतं. ती २०१४ मध्येच बंद झाली. आज जी मिळते ती वीज बनवणाऱ्या सोलरला, पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेखाली. मग गरम पाण्याचं काय? तर ज्या स्कीमना गीझरपासून सुटका हवी आहे त्यांनी कॉमन मीटरवर, म्हणजे लिफ्ट-पंप-जिन्याच्या सामायिक मीटरवर, सोलर लावायचं आणि त्याच मीटरवर सामायिक हीट पंप चालवायचा. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा फ्रिज. हवेतली उष्णता ओढून ती पाण्यात सोडतो. एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देतो. हीट पंपाच्या यंत्राला मात्र या योजनेत एक रुपयाही नाही, सबसिडी फक्त सोलर प्लांटला. विक्रेता "पूर्ण पॅकेजवर सबसिडी" म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

हिशेब सोपा आहे. २४ फ्लॅट, प्रत्येकाला रोज १०० लिटर, पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायचं. गीझरने हे करायला रोज सुमारे ८४ युनिट लागतात, हीट पंपाने साधारण २८. नागपूरच्या उन्हात एक किलोवॅटचा प्लांट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतो, म्हणजे १० किलोवॅटमध्ये हे भागून लिफ्ट-पंपाला थोडी उरतेही. पंप पहाटे चालवू नका, दुपारी चालवा. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी हवा उबदार असते, ऊनही असतं, आणि चांगलं इन्सुलेशन असलेल्या टाकीत पाणी सकाळपर्यंत टिकतं. तापमान ५० वर ठेवा. ६५ चा आकडा लावून बसणारे काका प्रत्येक स्कीममध्ये असतात, त्यांना समजवा की पाणी जितकं जास्त तापवाल तितका हीट पंपाचा फायदा घटतो. आणि इमारतीत गरम पाण्याची वेगळी पाइपलाइन नसेल तर खर्चाचा मोठा भाग पाइपमध्येच जाणार आहे. हे मीटिंगमध्ये आधीच सांगा, नंतर शिव्या खाऊ नका.

पैसे किती मिळतात

स्वतंत्र घराला २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, एकूण कमाल ७८,००० रुपये. हाच आकडा सगळीकडे झळकतो आणि घोळ इथेच होतो. लोक ७८,००० ला २४ ने गुणतात आणि अठरा-एकोणीस लाख सरकारकडून येणार असं गृहीत धरून वर्गणी ठरवतात. तसं नाही. गृहनिर्माण संस्था किंवा रहिवासी संघटनेच्या सामायिक सुविधांसाठी दर वेगळा आहे: किलोवॅटमागे १८,००० रुपये. मर्यादा घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट. २४ फ्लॅटांना ७२ किलोवॅटपर्यंत पात्रता, पण १० किलोवॅट लावले तर मिळणार १,८०,००० रुपये. याच इमारतीत कोणी स्वतःच्या मीटरवर आधीच सोलर लावलं असेल तर ते याच मर्यादेत मोजलं जातं.

सामायिक सुविधा म्हणजे पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे, इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग, आणि हीट पंप कॉमन मीटरवर असेल तर तोही त्याच लोडमध्ये आला. तुमच्या फ्लॅटचं स्वतःचं बिल यातून कमी होत नाही. कमी होतं ते गीझर बंद झाल्यामुळे. हे वाक्य मीटिंगच्या नोटीसमध्ये जाड अक्षरात छापा.

नाव, नाव आणि नाव

आता खरी गोष्ट. मनीषनगर असो, बेसा असो की मानेवाडा, आपल्याकडच्या बऱ्याच स्कीम सहकारी गृहनिर्माण संस्था नाहीत. त्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली आहेत, म्हणजे बिल्डरने घोषणापत्र, अर्थात डीड ऑफ डिक्लरेशन, नोंदवलेलं असतं. काहींचं तेही नाही. बोर्डावर "अमुक अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन" रंगवलेलं असतं, पावतीपुस्तक असतं, गणपतीही बसतो, पण कागदावर ती संघटना अस्तित्वातच नसते. अर्ज संघटनेच्या नावाने करायचा तर संघटना कागदावर हवी, तिचं पॅन कार्ड हवं आणि त्याच नावाचं बँक खातं हवं. सेक्रेटरीच्या बचत खात्यात देखभालीचे पैसे जमा करणाऱ्या स्कीम मी पाहिल्या आहेत. माणूस प्रामाणिक आहे, मान्य. पण सबसिडी त्याच्या खात्यात येणार नाही.

तेव्हा पहिलं काम पॅनेलचं कोटेशन मागवणं नाही. पहिलं काम म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातून आपल्या स्कीमच्या डीड ऑफ डिक्लरेशनची नक्कल काढणं. ती बिल्डरकडे असेल, वकिलाकडे असेल, पहिल्या फ्लॅटवाल्याच्या कपाटात असेल, असं म्हणत आम्ही दोन महिने घालवले. शेवटी नक्कल अर्ज करूनच काढली. ती हाती आली की असोसिएशनच्या नावाने पॅन, मग खातं. या क्रमात शॉर्टकट नाही.

दुसरी नावाची अडचण वीजबिलाची. तुमच्या कॉमन मीटरचं बिल आज काढून बघा. त्यावर बिल्डरच्या फर्मचं नाव असण्याची शक्यता भरपूर आहे. वर्षानुवर्षं बिल भरता आहात, कोणाचं लक्ष गेलं नाही. योजनेचं ऑनलाइन पोर्टल ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या नोंदीतलं नाव उचलतं, आणि ते नाव तुमच्या खात्याच्या नावाशी जुळलं नाही की पुढे अडतं. म्हणून नाव बदलाचा अर्ज आधी, सोलरचा नंतर. बिल्डरचं ना-हरकत पत्र मागतात. बिल्डर मिळाला तर उत्तम. आमचा पुण्याला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. एका कार्यालयात मला सांगण्यात आलं की बिल्डरला घेऊन या. जसं काही मी त्याला खिशात घेऊन फिरतो. शेवटी डीडची नक्कल, असोसिएशनचा ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी आणि फ्लॅटमालकांच्या सह्या एकत्र लेखी दिल्या, पोच घेतली, आणि मग फाइल हलली. तोंडी विचारू नका. लेखी द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या. लेखी अर्ज लेखीच नाकारावा लागतो, आणि लेखी नाकारायला कोणाला आवडत नाही.

नाव बदलताना तीन गोष्टी तिथेच तपासून घ्या. थकबाकी शून्य आहे का. मीटर घरगुती वर्गवारीत आहे का, कारण बांधकामाच्या वेळची जोडणी तशीच राहिलेल्या स्कीमही आहेत. आणि कॉमन मीटर एकच आहे की लिफ्टचा वेगळा, पंपाचा वेगळा. अर्ज एका ग्राहक क्रमांकावर होतो आणि बनलेली वीज त्याच मीटरच्या बिलातून वजा होते. हीट पंप दुसऱ्या मीटरवर जोडलात तर छतावर सोलर असूनही त्याचं बिल पूर्ण येईल.

छत कोणाचं?

गच्ची सगळ्यांची, असं आपण समजतो. डीड वाचा. काही जुन्या स्कीममध्ये बिल्डरने "टेरेस राइट्स" स्वतःकडे ठेवलेले असतात किंवा वरच्या मजल्याच्या फ्लॅटला लिहून दिलेले असतात. तसं असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी, आणि ती मागायला सगळ्या कमिटीने मिळून जावं, एकट्या सेक्रेटरीने नाही. १० किलोवॅटला साधारण हजार चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. पाण्याच्या टाक्या, डिश, कूलरचे स्टँड आणि मे महिन्यातले वाळवणाचे पापड-कुरडया यांच्यातून ती काढावी लागते. उंच स्ट्रक्चर घेतलं तर खाली वापर चालू राहतो, पण मान्सूनआधीची आपल्याकडची वादळं लक्षात घेऊन त्याचा पाया नीट करून घ्या.

ठरावाबद्दल. "सर्वानुमते सोलर बसवण्याचे ठरले" एवढाच ठराव परत येतो. त्यात ग्राहक क्रमांक, किती किलोवॅट, गच्चीचा वापर, एकूण फ्लॅटांची संख्या, सही करणाऱ्या अधिकृत व्यक्तीचं पूर्ण नाव आणि खात्याचा तपशील हवा. हजर सभासदांच्या सह्या त्याच पानावर घ्या. पुढच्या कोऱ्या पानावर घेतलेल्या सह्या कोणीही ग्राह्य धरत नाही, आणि बरोबरच आहे.

दहाचा आकडा

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मान्य समजला जातो, आणि मंजूर भार, म्हणजे त्या मीटरला वीज कंपनीने मंजूर केलेले किलोवॅट, कमी पडत असेल तर तो वाढवण्याचं काम वीज कंपनीचं. १० च्या वर गेलात की तपासणी आली, तिला १५ दिवसांची मुदत आहे, आणि मंजूर भार आधी वाढवून घ्यावा लागतो कारण प्लांट त्यापेक्षा मोठा चालत नाही. आमचा पहिला अर्ज १२ किलोवॅटचा होता. मीटरचा मंजूर भार ७.५. परत आला. दुसऱ्यांदा १० चा केला, तो नावावरून परत आला. तिसऱ्यांदा झाला. ज्यांना १० पुरतं त्यांनी ११ च्या मोहात पडू नये. "परिपूर्ण" या शब्दाकडेही लक्ष द्या. एक कागद कमी असेल तर मान्य समजण्याचा नियम लागूच होत नाही.

बाकी पायऱ्या साध्या आहेत: राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी, अर्ज, नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, बसवणं, नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणारा), तपासणी, कमिशनिंग रिपोर्ट (प्लांट सुरू झाल्याचा अहवाल). आधी प्लांट आणि मग अर्ज असा उलटा क्रम करू नका.

यात दोन ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवा. पहिलं, नोंदणी करताना मोबाइल क्रमांक विक्रेत्याचा जातो. "मी भरतो ना दादा, तुम्ही ओटीपी सांगा." मग त्रुटीचे सगळे संदेश त्याच्या फोनवर येतात आणि तुम्हाला महिन्याने कळतं. क्रमांक संघटनेच्या अधिकृत व्यक्तीचाच द्या, आणि कमिटी बदलली की तोही बदला. दुसरं, सबसिडीसाठी पॅनेल आणि त्यातले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात, बाजारात त्यांना "डीसीआर" म्हणतात. हे महाग पडतात, म्हणून कोटेशनमध्ये हळूच दुसरे घातले जातात. कोटेशनवर "डीसीआर" हा शब्द लिहून घ्या, आणि पॅनेल उतरवले की अनुक्रमांकांचे फोटो तुम्हीही काढून ठेवा. एकदा छतावर बसले की वाकून मागची पट्टी वाचायला कोणी जात नाही.

मुदत

योजना आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत आहे. हे वाचून "२०२७ संपेपर्यंत वेळ आहे" असं मला निदान चौघांनी सांगितलं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. नाव बदल, पॅन आणि खातं यांत तीन-चार महिने सहज जातात, ते मागे मोजा.

दुसरी मुदत कोणी सांगत नाही, पण हीट पंपवाल्यांसाठी तीच महत्त्वाची. नेट मीटरवर जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा होत जातात आणि हिशेब ३१ मार्चला बंद होतो. त्या दिवशी उरलेली युनिट तुम्ही विकत घेता त्यापेक्षा कमी दराने मोजली जातात. आपल्या गावात मे महिन्यात नळाचंच पाणी चटका देतं, गरम पाणी कोणालाच नको असतं आणि वीज मात्र भरपूर बनते. ती युनिट साठत जाऊन डिसेंबर-जानेवारीत हीट पंपाला वापरता येतात. एप्रिल ते मार्च हे चक्र आपल्या हवामानाला चपखल बसतं, पण प्लांट एप्रिलच्या आसपास सुरू झाला तरच. डिसेंबरात थंडी वाजली म्हणून धावत अर्ज केला तर पहिल्या हिवाळ्यात साठवलेलं काहीच हाती नसतं.

कमिशनिंग रिपोर्ट आला की काम संपलं असं समजून बहुतेक जण मिठाई वाटतात. त्यानंतर पोर्टलवर जाऊन बँकेचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश टाकायचा असतो. सबसिडी साधारण ३० दिवसांत येते, पण ते ३० दिवस हा तपशील भरल्यापासून मोजायचे. धनादेशावर असोसिएशनचं नाव छापलेलं हवं. नवीन खात्याला बँका कधी कधी नाव न छापलेलं चेकबुक देतात, म्हणून खातं उघडतानाच नाव छापलेलं मागून घ्या.