घुबडाने नोकऱ्या खाल्ल्या का?

अमेरिकेतील ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या लाकूड उद्योगाच्या नोकऱ्या ठिपकेदार घुबडापायी, म्हणजे त्याला वाचवण्यासाठी सरकारी जंगलांतली झाडतोड रोखल्यामुळे गेल्या, हा समज तीस वर्षांहून अधिक काळ फिरतो आहे. तो अर्धवट आहे. घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले १९९० साली, तर कामगारकपात १९८०च्या दशकारंभीच्या मंदीतच सुरू झाली होती. पुढे मागणी सावरली, लाकूड चिरणाऱ्या गिरण्या पुन्हा धडधडू लागल्या, तरी माणसे पूर्वीइतकी परतली नाहीत, कारण आता ओंडका पट्ट्यावर येताच यंत्र त्याचे माप घेई, संगणक काप ठरवी आणि काचेआड बसलेला एकच कामगार अनेकांचे काम उरकी. खासगी जंगलांतले ओंडके न चिरताच जपानला जात, ते वेगळेच. सरकारी जंगलांवर जगणाऱ्या गावांना तोडबंदीचा जबर फटका बसला, हे मात्र खरे आहे आणि ते दुःख कुणी कमी लेखू नये.