बाप ‘माहीत नसणं’ आणि बाप ‘घरचा नसणं’

लुगू सरोवराकाठच्या मोसुओ लोकांविषयी मराठीत काही वाचायला घेतलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक वाक्य हमखास भेटतं: ‘इथे मुलांना आपला बाप कोण हे ठाऊक नसतं.’ हे वाचून मला दर वेळी राग येतो, कारण त्यात एका समाजाच्या आयांची आणि बापांची, दोघांचीही नाहक बदनामी आहे.

चीनच्या युन्नान आणि सिच्वान प्रांतांच्या सीमेवर, सुमारे 2,700 मीटर उंचीवर हे लोक राहतात. घर आईकडून चालतं, हे बहुतेकांना माहीत असतं. ‘मातृसत्ताक’ म्हणावं की ‘मातृवंशीय’, यावर पानं खर्ची घालण्यात अर्थ नाही. वंश आणि घरदार आईकडून जातं, म्हणून मातृवंशीय म्हणा. मेघालयातल्या मातृवंशीय खासी समाजाशीही गल्लत नको. तिथे नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो, इथे तो नांदायला येतच नाही.

खरा घोळ इथेच होतो. पुरुष रात्री प्रेयसीकडे जातो आणि सकाळी स्वतःच्या आईच्या घरी परततो. शेती, गुरं, कमाई सगळं आईच्या घरासाठी. तो मुलं वाढवतो ती बहिणीची. त्याची स्वतःची मुलं त्यांच्या आईच्या घरात, त्यांच्या मामांच्या हाताखाली मोठी होतात. बाहेरचा माणूस त्या घरात बाप शोधतो, तो सापडत नाही, आणि लगेच ‘बाप अज्ञात’ असं लिहून मोकळा होतो.

आपलंच घर उलटं करून बघा. आपल्याकडे मूल बापाच्या घरी वाढतं आणि सुट्टीत मामाकडे जातं. मामा आपल्या घरात राहत नाही, आपल्या शाळेची फी भरणं हे त्याचं काम नाही. पण जावळ काढताना भाचा बसतो मामाच्याच मांडीवर, आणि नवरीला मांडवात आणतो तोही मामाच. त्याला कुणी अज्ञात म्हणेल का? मोसुओ मुलाचा बाप साधारण या जागी असतो. मूल महिन्याचं झालं की बापाकडची माणसं भेटी घेऊन येतात. गावासमोर बाप कोण ते तिथेच ठरतं. पुढे नव्या वर्षाला मूल बापाच्या घरी जाऊन मान देऊन येतं. बापाची ओळख आहे, नातं आहे, बहुतेक वेळा जिव्हाळाही आहे. त्याचा हक्क आणि घरखर्चाचा भार तेवढा तिथे नाही. आईबाप वेगळे झाले तरी मुलाचं घर मोडत नाही, कारण ते घर त्या दोघांच्या नात्यावर उभंच नव्हतं.

या गैरसमजाला अभ्यासकांचाही हातभार लागला. चाय हुआ यांचं 1997 चं फ्रेंच पुस्तक गाजलं ते ‘बाप किंवा नवरा नसलेला समाज’ अशा अर्थाच्या नावाने, आणि लोकांच्या लक्षात नेमकं ते नावच राहिलं.

पुरुषाच्या या रात्रीच्या ये-जेला लावला जाणारा ‘चालतं लग्न’ (म्हणजे चालत जाऊन केलेलं लग्न) हा शब्द तर मला अजिबात पसंत नाही. तो ‘झौहुन’ या चिनी शब्दाचा तर्जुमा, आणि त्यातलं ‘हुन’ म्हणजे लग्न. मोसुओंचा स्वतःचा शब्द ‘तिसेसे’. त्याचा अर्थ नुसता ये-जा करणं. त्यात लग्न कुठेच नाही. मी तिसेसेच लिहिते.

मात्र ‘मोसुओंमध्ये लग्न नव्हतंच’ हेही खरं नाही. सरदार घराण्यात गादी बापाकडून मुलाकडे जायची, तिथे लग्नं होत. डोंगराळ भागातल्या काही मोसुओ गावांत वंश बापाकडूनच चालतो. आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सरकारने तिसेसेतल्या जोडप्यांना जबरदस्तीने लग्नाचे दाखले घ्यायला आणि एकत्र राहायला लावलं. सक्ती सैल होताच त्यातले कितीतरी जण पुन्हा आपापल्या आईच्या घरी राहायला गेले.