विद्युत् भूभौतिकीय मापन, मृदाप्रदूषणाचे

जमिनीत वीजप्रवाह सोडून तिच्या रोधकतेतील (प्रवाहाला होणाऱ्या विरोधातील) फरकांवरून प्रदूषित भागाचा माग काढण्याची पद्धत. फारसे खोदकाम न करता मोठे क्षेत्र चाळता येते, हा तिचा मुख्य उपयोग. मात्र या उपकरणांना प्रदूषक द्रव्य दिसत नाही. त्यांना केवळ रोधकता कळते. ती कशामुळे बदलली हे अन्वयार्थाने ठरवावे लागते, आणि या विषयातील बहुतेक मतभेद तेथेच आहेत.

पद्धतीचा उगम प्रदूषणाशी निगडित नाही. कॉर्नवॉलच्या खाणींतील धातुकशिरांभोवती नैसर्गिक विद्युत् विभव आढळतो, हे रॉबर्ट फॉक्स यांनी १८३० मध्ये नोंदवले. स्वयंविभव पद्धतीचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. बाहेरून प्रवाह सोडून मापन करण्याचे श्रेय काही लेखक कॉनराड श्लुंबर्झे यांना (नॉर्मंडीतील व्हाल-रिशे येथील प्रयोग, १९१२), तर काही अमेरिकेच्या मानक संस्थेतील फ्रँक वेनर यांना देतात. वेनर यांच्या निबंधाचे साल कोठे १९१५, तर कोठे १९१६ असे आढळते. लेखनाचे व खंडाच्या प्रकाशनाचे वर्ष वेगळे असल्याने हा फरक पडला असावा. दोघांचे काम स्वतंत्रपणे झाले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कचराभूमीखालच्या दूषित भूजलाचा माग काढण्यासाठी या पद्धतीचा वापर १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, विशेषतः इलिनॉयमध्ये, प्रसिद्ध झाला.

मापनासाठी धातूच्या चार खुंट्या (विद्युत् अग्रे) एका रेषेत रोवतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात व आतल्या दोहोंमधील विभवांतर मोजतात. वेनर रचनेत खुंट्यांमधील अंतर सारखे (a) असते व भासमान रोधकता (जमीन सर्वत्र एकसारखी आहे असे धरून येणारे मूल्य) २πa गुणिले विभवांतर भागिले प्रवाह या सूत्राने मिळते. अन्वेषणाची खोली ढोबळमानाने a च्या निम्मी धरतात. विहिरीची जागा ठरवण्यासाठी महाराष्ट्रात जो रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करतात, त्याचे तत्त्व हेच. आता अनेक अग्रे एकाच केबलला जोडून, संगणकाच्या साहाय्याने जमिनीचा उभा छेद काढतात. यास विद्युत् रोधकता प्रतिमालेखन म्हणतात. जमिनीला स्पर्श न करता, तारेच्या वेटोळ्यांनी संवाहकता (रोधकतेचा व्यस्त) मोजणारी विद्युत्चुंबकीय उपकरणे याच कुळातील असून प्राथमिक चाळणीसाठी ती अधिक वेगवान ठरतात.

मातीतील वीज मुख्यत्वे छिद्रांतल्या पाण्यातून वाहते. गस आर्ची यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार रोधकता ही पाण्याची रोधकता, सच्छिद्रता व छिद्रे पाण्याने किती भरली आहेत यांवर अवलंबून असते. संपृक्ततेचा घातांक २ धरला, तर छिद्रांतील निम्मे पाणी जाऊन त्या जागी तेल आल्यास रोधकता चौपट व्हावी. उलट, कचऱ्यातून झिरपणाऱ्या क्षारयुक्त पाण्याने (लीचेट) ती झपाट्याने घटते. तापमानाचाही परिणाम होतो : दर अंश सेल्सिअसला संवाहकता सुमारे २ टक्के वाढते. त्यामुळे उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील मापने दुरुस्ती केल्याशिवाय जुळवू नयेत.

खनिज तेल व विद्रावकांच्या बाबतीत मात्र प्रश्न सुटलेला नाही. तेल विद्युत् निरोधक असल्याने तेलाने माखलेली माती उच्च रोधकतेची दिसेल, हे प्रयोगशाळेतून आलेले जुने मत. कॅनडातील बॉर्डन लष्करी तळावर १९९१ मध्ये ९ मी. लांब व ९ मी. रुंद बंदिस्त जागेत ७७० लि. परक्लोरोएथिलीन (एक विद्रावक) मुद्दाम सोडून निरीक्षणे घेण्यात आली. द्रव नुकताच सोडला असताना मिळालेले निष्कर्ष या मताशी जुळणारे होते. परंतु अमेरिकेतील मिशिगन राज्यात, वर्ट्‌स्मिथ या हवाई दलाच्या माजी तळावर, वर्षानुवर्षे मुरलेल्या इंधनाच्या जागी नेमके उलट, म्हणजे उच्च संवाहकतेचे पट्टे आढळले. विल्यम सॉक यांनी २००० मध्ये याचे प्रारूप मांडले. जीवाणू तेलाचे विघटन करतात. त्यातून कार्बॉनिक व सेंद्रिय अम्ले तयार होतात. ती खनिजे विरघळवतात आणि पाण्यातील आयन वाढतात. एस्टेला अटेक्वाना व सहकाऱ्यांच्या पुढील कामाने या स्पष्टीकरणाला बळ मिळाले व जैवभूभौतिकी ही उपशाखा रूढ झाली. जुन्या गळतीच्या काही जागी आजही उच्च रोधकताच मिळते, असा आक्षेप आहे व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही प्रस्तुत नोंदीत रोधकता गळतीच्या वयानुसार बदलते हे मत अधिक ग्राह्य मानले आहे. गळती केव्हाची हे माहीत नसताना केवळ रोधकतेवरून ‘तेल आहे’ वा ‘नाही’ असे सांगणे धाडसाचे होय.

चिकणमाती हे दुसरे कोडे. तिच्या कणांच्या पृष्ठभागावरूनही वीज वाहते, त्यामुळे आर्ची यांचा संबंध तेथे तोकडा पडतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज विपुल असते. ओलसर असताना तिची रोधकता बहुधा १० ओहम-मीटरच्या खाली जाते. लीचेटने भिजलेल्या मातीची मूल्येही याच पल्ल्यात येतात. म्हणजे काळ्या मातीवरच्या कचरा डेपोशेजारी मिळालेले कमी मूल्य प्रदूषणाचे की मातीचे, हा प्रश्न राहतोच. अशा वेळी शेजारच्या स्वच्छ जागेवर, त्याच मातीत व त्याच ऋतूत, तुलनेसाठी मापन घेतात. प्रवाह बंद केल्यावर विभव किती सावकाश ओसरतो हे पाहणारी प्रेरित ध्रुवण पद्धत चिकणमाती व क्षारयुक्त पाणी यांत भेद करण्यास उपयोगी पडते. तिच्या मापनात विभवासाठी अध्रुवणशील अग्रे (तांबे व मोरचुदाचे द्रावण असलेली सच्छिद्र भांडी) वापरणे श्रेयस्कर. जांभ्या दगडावर किंवा वाळलेल्या मुरमावर खुंटीचा जमिनीशी संपर्क नीट होत नाही व पाणी ओतावे लागते. तेथे मिठाचे पाणी हात सैल सोडून ओतले, तर आपण मोजतो ते आपलेच प्रदूषण. कारखान्यांच्या आवारात गाडलेले नळ, सळ्यांचे काँक्रीट व तारेची कुंपणे वाचन बिघडवतात.

भारतात या पद्धतीचे काम मुख्यतः हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने (स्थापना १९६१) केले. भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातील कचऱ्याच्या जागांचे भूभौतिकीय सर्वेक्षण या संस्थेने केले व त्याचा अहवाल २०१० मध्ये दिला. माती व पाण्याच्या रासायनिक तपासणीचे काम नागपूरच्या नीरीकडे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) होते. ही विभागणी पद्धतीच्या स्वरूपातूनच येते : किलोग्रॅममागे काही मिलिग्रॅम असलेले कीटकनाशक वा जड धातू रोधकतेत उमटत नाहीत, म्हणून नमुने कोठून घ्यावेत एवढेच विद्युत् मापनाने ठरते.