घरगुती संगणक-जुळवणी (नागपूर)

डेस्कटॉप संगणकाचे सुटे भाग निवडून ते घरीच जोडणे, किंवा जुन्या संगणकातला एखादा भाग बदलून तो आणखी काही वर्षे चालवणे. नागपुरात यासाठी बहुतेकांची पायपीट सीताबर्डीच्या बाजारात होते. ऑनलाइन भाव पाहून दुकानात घासाघीस करण्याची रीत आहे. मात्र पक्के बिल घ्यावे, कारण वॉरंटीच्या वेळी तेच लागते.

निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात ते प्रमाणीकरणामुळे. मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडतात तो मुख्य बोर्ड), कॅबिनेट (बाहेरची पेटी) आणि एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा) यांची मापे जुळवणारे एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ मध्ये आणले. चुका होतात त्या प्रोसेसर आणि रॅमच्या (तात्पुरत्या स्मृतीच्या) बाबतीत. एएमडी या प्रोसेसर-कंपनीचे एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची बैठक, डीडीआर४ या पिढीच्या रॅमचे, तर २०२२ मधले एएम५ फक्त डीडीआर५चे. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात; बसत नसेल तर जोर लावू नये.

जोडणीपेक्षा नागपुरात खरा प्रश्न उन्हाचा. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. पंखा कितीही मोठा लावला तरी तो खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात. म्हणून पुण्यामुंबईच्या सुट्या भागांच्या याद्या इथे जशाच्या तशा उचलू नयेत. समोर काच लावलेले झगमगाटी कॅबिनेट घेण्यापेक्षा पुढे जाळी असलेले घ्यावे: पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. एसएमपीएसवरची ८० प्लसची मोहोर कार्यक्षमतेची असते, ती चाचणीही साधारण २३ अंशांना होते. तो किती तापमानापर्यंत पूर्ण वॅट देतो, हे वेगळे पाहावे लागते. चाळीस किंवा पन्नास अंशांची हमी देणारा घेणे बरे. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, एसएमपीएस नाही.

कूलर खोली थंड करतो, पण संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार भागांवर बसतात. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने कूलरचा उपयोग घटतो आणि ओलावा तेवढा वाढतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अडचण उलटी, स्थिर विजेची. भाग हाताळण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा.

जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर साठवणारी, जास्त वेगवान डिस्क) टाकण्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, त्यामुळे अनेक चांगले संगणकही अडगळीत निघाले. अशांवर लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली सुरेख चालते.

वीज जाते-येते आणि मान्सूनपूर्व वादळात विजाही कडाडतात, तेव्हा यूपीएस आणि नीट अर्थिंग हवेच.

होळीच्या सुमारास कूलर बाहेर निघतात, तेव्हाच कॅबिनेटही उघडून धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.